लाबानाच्या देशी निघण्यापूर्वी



फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमच्या वसतिगृहाचा एक जुना विद्यार्थी कार्यालयात आला. कन्नड तालुक्यातल्या भिल्ल वस्तीवरचा मुलगा, वय एकवीस. नववीत शाळा सुटली, त्यानंतर चार वर्षे वाळूजला ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर. शर्टाच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नवाकोरा पासपोर्ट काढून त्याने टेबलावर ठेवला.

"ताई, पासपोर्ट आला. पण बघा ना, त्याच्यावर ठपका मारलाय. एजंट म्हणतो, काही बिघडत नाही, टुरिस्ट म्हणून पाठवतो. तिकडं गेल्यावर व्हिसा बदलून देतात."

दुबईला हेल्परचे काम, पगार महिना १,००० दिरहम, राहणे कंपनीचे, एजंटला द्यायचे १,२०,००० रुपये. वडील दोन बकऱ्या आणि आईची चांदी विकणार होते. बाकीचे पैसे सावकाराकडून, शेकडा पाचने. एजंट कोण? लांबच्या नात्यातला, आईकडचा. म्हणून विश्वास.

त्याला मी लगेच जाऊ नको म्हटले नाही. आपली कितीतरी कुटुंबे दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. जो मुलगा आई-बापाला सहा महिने उसाच्या फडात पाहून मोठा झाला, त्याने विमानात बसण्याचे स्वप्न पाहिले तर त्यात पाप काय? पण त्या 'ठपक्या'बद्दल त्याची समजूत उलटी होती. आपल्या मंडळ्यांतही पुष्कळांची ती तशीच असते, म्हणून हा लेख.

तो शिक्का म्हणजे ईसीआर, एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर तो सहसा असतो. त्याचा अर्थ एवढाच की ही व्यक्ती कामासाठी ठरावीक अठरा देशांत जाणार असेल, तर आधी सरकारने तिचे कागद तपासून मंजुरी द्यायची. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया हे देश त्या यादीत आहेत. शिक्षण कमी असलेल्या माणसाला परक्या देशात फसवणे सोपे, हे ओळखून ही अट घातली आहे. म्हणजे तो ठपका नसून कुंपण आहे. एजंटला ते अडचणीचे वाटते आणि मुलाला लाजेचे, म्हणून दोघे मिळून त्यावरून उडी मारतात.

कुंपणाच्या आतून जायचे तर काय होते ते सांगते. परदेशातला मालक भारत सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर आपली मागणी नोंदवतो. काम कोणते, पगार किती, तास किती, राहणे-जेवण कोणाचे, हे त्या करारात येते. इथला एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेला लागतो. त्याचे नाव आणि परवाना चालू आहे की रद्द, हे त्याच संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्याने घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना: दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता आणि त्यावरचा कर, अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. निघण्याआधी एक दिवसाचे मार्गदर्शन शिबिरही असते. हे सगळे झाले की मंजुरी मिळते, आणि मुलाचे नाव, मालकाचे नाव व ठरलेला पगार सरकारी नोंदीत राहतो. उद्या मालकाने हजाराचे सातशे केले, तर दाखवायला कागद असतो.

टुरिस्ट व्हिसावर गेलेल्याकडे यातले काहीच नसते. विमानतळावर त्याला 'फिरायला चाललोय' असे सांगायला शिकवलेले असते. तिकडे त्या व्हिसावर काम करणे बेकायदा. पगार बुडाला तरी तो तक्रार करायला जात नाही, कारण तक्रार केली तर आधी तोच अडकतो. हे मालकालाही माहीत असते.

आम्ही दोघांनी मिळून त्या एजंटचे नाव यादीत शोधले. नव्हते. मग कागद घेऊन हिशेब मांडला. १,००० दिरहम म्हणजे साधारण २३,००० रुपये. जेवण आणि मोबाईल जाऊन घरी पाठवायला १४,००० उरले असे धरू. सगळे १,२०,००० सावकाराचेच धरले, तर व्याजच पहिल्या महिन्याला ६,०००. दर महिन्याला न चुकता सगळेच्या सगळे पैसे सावकाराला दिले, तरी कर्ज फिटायला जवळजवळ वर्ष. आणि हातातला टुरिस्ट व्हिसा साठ दिवसांचा.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मुकादमापेक्षा वाईट आहे की हे."

खरे आहे. उसाचा मुकादम निदान उचल देतो. माणूस त्या पैशाने बांधला जातो. परदेशाचा हा एजंट उचल घेतो, आणि माणूस तरीही बांधलाच जातो, घरच्या सावकाराशी. तिथे काम जड पडले, खोलीत पंधरा जण कोंबले, तरी परत येता येत नाही, कारण गावात व्याज चालू असते. परदेशातल्या आपल्या मुलांच्या हालांविषयी आपण ऐकतो, तेव्हा 'परत का नाही आला' असे सहज विचारतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या वस्तीवरच असते.

आता याकोबाची गोष्ट आठवा (उत्पत्ती २९ ते ३१). तरुण, एकटा, हातात फक्त काठी, बैर-शेबाहून हारानला निघालेला. गेला कोणाकडे? सख्ख्या मामाकडे. करार तोंडी. सात वर्षे राबला राहेलीसाठी, मिळाली लेआ. आणखी सात वर्षे. पुढे मेंढरांवर सहा. वीस वर्षांनी तो बायकांना सांगतो की तुमच्या बापाने माझे वेतन दहा वेळा बदलले. मराठीत 'मामा बनवणे' म्हणतात ते कुठून आले मला ठाऊक नाही, पण मामानेच मामा बनवल्याचा हा जुना दाखला आहे. उपदेशात आपण याकोबाच्या स्वप्नातल्या शिडीवर थांबतो, पुढच्या मजुरीच्या अध्यायांवर फारसे बोलत नाही. शेवटी दोघांत रीतसर करार होतो, साक्ष म्हणून दगडांची रास रचतात. ती वीस वर्षे आधी रचायला हवी होती. आपल्या मुलांनाही फसवणारा सहसा अनोळखी नसतो. तो आत्याचा दीर असतो, गावचा कोणी असतो, कधी कधी चर्चमध्ये शेजारी बसणाराही असतो.

आणि हे काम मंडळीला नवीन नाही. इंग्रजी अमलात १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी मजूर नेले गेले. त्यांच्या पहिल्या तुकड्यांत छोटा नागपूरचे आदिवासी होते, पुढे मुंबई बंदरातून मराठी मजूरही गेले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. ज्या कागदावर अंगठा घेतला जाई त्याला लोक 'गिरमिट' म्हणत. त्यात काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. मिशनरी म्हणून भारतात आलेले दीनबंधू चार्ल्स अँड्र्यूज १९१५ साली फिजीला गेले, मजुरांच्या वस्त्यांत फिरले आणि जे पाहिले ते लिहून मांडले. १९१७ साली ती मजूरभरती थांबली. मग १९२२ चा उत्प्रवासन कायदा आला आणि त्याच्या जागी १९८३ चा. मुलाच्या पासपोर्टवरचा शिक्का या वाटेने आला आहे.

आता दहावी-बारावी झालेल्या मुलांविषयी. त्यांच्या पासपोर्टवर शिक्का नसतो, त्यामुळे ती स्वतःला सुरक्षित समजतात. वास्तविक त्यांचे कागद कोणीच तपासत नाही. मोबाईलवर 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार डॉलरमध्ये' अशी जाहिरात येते. मुलगा बँकॉकला उतरतो आणि त्याला सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन कोंडतात. तिथे संगणकावर बसून लोकांना ऑनलाइन फसवण्याचे काम करून घेतात, नाही म्हटले तर मार. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने दोन विमानांनी अशा ५४९ जणांना परत आणले. फसलेल्यांत महाराष्ट्रातली मुलेही होती.

मुलींविषयी एकच सांगते. ईसीआर पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालील स्त्रीला या अठरा देशांत घरकामाची मंजुरी मिळत नाही. कोणी 'मी पाठवतो' म्हणाला, की तो कायद्याबाहेर पाठवतो आहे हे तिथेच समजावे.

रीतसर गेलेल्यावरही संकट येते, हे लपवण्यात अर्थ नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात चाळीसहून अधिक भारतीय गेले. अशा वेळी वस्तीवर बसलेल्या आई-बापाने फोन कोणाला करायचा? म्हणून मुलाच्या कागदांची एक प्रत घरी आणि एक पाळकसाहेबांकडे असावी: पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा, मालकाचा पत्ता. परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे तक्रारीचे संकेतस्थळ आहे. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा मोफत क्रमांक आहे. अडकलेल्या गरजूला तिकीट काढून परत आणण्यासाठी वकिलातींकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. पण पासपोर्ट क्रमांक आणि मालकाचे नाव माहीत नसेल, तर यातले कोणतेही दार नीट ठोठावता येत नाही.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले? तो चिडला. दोन आठवडे त्याने फोन उचलला नाही. एजंटने १०,००० रुपये आधीच घेतले होते, ते आजतागायत मिळालेले नाहीत. बकऱ्या मात्र वाचल्या. मार्चअखेरीस तो परत आला आणि त्याने विचारले, हेल्परपेक्षा वरचे काही करता येईल का? आता रविवारची उपासना झाली की तो शहरातल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग शिकायला जातो. दुकानदार आपल्याच मंडळीतले आहेत, फी घेत नाहीत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देण्याचीही तयारी चालू आहे. त्यात मोठी अडचण जन्मतारखेची. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून आहे आणि आधारवर वेगळीच तारीख. आपल्या वस्त्यांवर अर्ध्या मुलांचा वाढदिवस १ जूनलाच असतो, हे तुम्ही पाहिले असेल. ती दुरुस्ती करून घेण्यासाठी आम्ही तिसऱ्यांदा चकरा मारतो आहोत.

परदेशी जायचे त्याने सोडलेले नाही. वेल्डर म्हणून जाईन म्हणतो, आणि एजंटचे नाव आधी मला पाठवतो. आतापर्यंत दोन नावे पाठवली. एक यादीत नव्हते, दुसऱ्याचा परवाना चालू आहे, त्याच्याकडून कराराची प्रत मागवली आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट वाचणारे कोणी निवृत्त शिक्षक किंवा बँकेतले बंधुभगिनी महिन्यातून एक शनिवार देऊ शकत असतील, तर कार्यालयात जरूर कळवावे. असे कागद घेऊन येणारी मुले आता एकटी येत नाहीत, मित्रांना घेऊन येतात.