आरसी कारच्या एक्झॉस्टला सिरॅमिक कोटिंग : इंजिन खरेच थंड राहते का?

‘सिरॅमिक कोटिंग’ म्हटले की आपल्याकडे कार डिटेलिंगचे दुकान आठवते. तिथे गाडीच्या रंगावर चकाकी टिकवणारा आणि पाणी झटकणारा पातळ थर चढवला जातो. इंधनावर चालणाऱ्या रेडिओ कंट्रोल (आरसी) कारच्या छंदात मात्र या शब्दाचा संबंध उष्णतेशी आहे. एक्झॉस्ट पाइप आणि इंजिनच्या भागांवर असा लेप दिला की ताकद वाढते, इंजिन थंड राहते, असे सांगितले जाते. त्यात तथ्य किती? लेप कुठे द्यावा आणि कुठे अजिबात देऊ नये? समजून घेऊया.

या छोट्या इंजिनात उष्णता इतकी महत्त्वाची का?

‘नायट्रो’ कारचे इंजिन मुठीत मावेल एवढे असते. १/८ आकाराच्या स्पर्धेच्या गाड्यांत त्याची क्षमता ३.५ सीसीपर्यंत असते. पण ते मिनिटाला ३० हजारांहून अधिक फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ५००. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण. जुन्या बजाज चेतकप्रमाणेच हे टू-स्ट्रोक इंजिन. त्यामुळे वंगणाचे वेगळे तेल नाही, इंधनात मिसळलेले तेलच सगळे काम करते. इंधन कमी पडले, म्हणजे गाडी ‘लीन’ झाली, की तापमान वाढते आणि त्याच वेळी वंगणही घटते. महागडे इंजिन खराब व्हायला काही मिनिटे पुरतात. म्हणून बहुतेक चालक सिलिंडर हेडचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने, म्हणजे ‘टेम्प गन’ने, सतत तपासतात. साधारण १०० ते १३० अंश सेल्सिअस हा नेहमीचा टप्पा.

एक्झॉस्ट पाइपचा ताकदीशी काय संबंध?

या गाडीचा फुगीर ‘ट्यून्ड पाइप’ म्हणजे केवळ सायलेन्सर नव्हे. सिलिंडरमधून धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट पाइपमध्ये धावते. पाइप रुंद होतो तिथे खेच निर्माण होते. तो पुन्हा निमुळता होतो तिथून लाट परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात रेसिंग मोटारसायकलींसाठी हे तंत्र विकसित केले.

लाट नेमक्या क्षणी परतणे महत्त्वाचे. तिचा वेग वायूच्या तापमानावर ठरतो. उदाहरणापुरते, पाइपमधील वायूचे सरासरी तापमान ३०० वरून ३५० अंश झाले, तर लाट सुमारे ४ टक्के वेगाने धावेल. पाइप तेवढाच आखूड केल्यासारखा परिणाम होईल आणि ३० हजार फेऱ्यांना मिळणारा फायदा ३१ हजारांच्या पुढे सरकेल. पाइपचे तापमान बदलले की गाडीचा स्वभाव बदलतो, तो असा.

मग लेपाने उष्णता अडते का?

सिरॅमिक उष्णता अडवते, यात शंका नाही. झिर्कोनियासारखे सिरॅमिक अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे शंभरावा हिस्साच उष्णता वाहून नेते. म्हणूनच १९६० च्या दशकात अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट विमानाच्या नोझलवर असा लेप होता. आज तो जेट इंजिनांच्या पात्यांवर असतो.

प्रश्न जाडीचा आहे. प्लाझ्मा-स्प्रेने दिलेला उष्णतारोधक थर काही शे मायक्रॉनचा असतो. छंदासाठी स्प्रे गनने मारला जाणारा लेप साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पाइपमधून उष्णता बाहेर जाताना तिला खरा अडथळा होतो तो धातूलगतच्या हवेचा. तो अडथळा या पातळ लेपाच्या शेकडो पट असतो. म्हणजे अंगावर रजई असताना वर मलमलीचा एक रुमाल पांघरल्यासारखे!

पण मोठ्या गाड्यांना फायदा होतो, तो कसा?

मोठ्या गाड्यांचे एक्झॉस्ट बहुतेक पोलादी असतात. गंजून काळपट झालेले पोलाद उष्णता जोरात बाहेर फेकते आणि बॉनेटखालचे सगळे तापवते. चंदेरी सिरॅमिक लेप गंज रोखतो आणि पृष्ठभाग चकचकीत ठेवतो. चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो. आरसी कारचा पाइप मात्र मुळातच चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा. त्यावर काळा मॅट लेप दिला, तर पाइप जास्त उष्णता फेकेल आणि थोडा थंडच होईल. उष्णता ‘आत ठेवण्यासाठी’ पैसे मोजले आणि घडले उलटे!

दिसणे, जळक्या तेलाचे डाग सहज पुसले जाणे आणि ओरखड्यांपासून संरक्षण हे या लेपाचे खरे फायदे. ते कमी नाहीत. फक्त ताकदीच्या नावाखाली विकले जाऊ नयेत.

सर्वात मोठा धोका कोणता?

टेम्प गनची फसगत. ही गन प्रत्यक्ष तापमान मोजत नाही. पृष्ठभागातून निघणारे इन्फ्रारेड किरण मोजून अंदाज बांधते. काळा मॅट पृष्ठभाग हे किरण भरपूर सोडतो, चकचकीत धातू फारच कमी. त्यामुळे एकाच तापमानाच्या दोन हेडवर दोन वेगळे आकडे दिसू शकतात.

समजा, काळ्या हेडवर चंदेरी लेप दिला. गन आता कमी आकडा दाखवेल. ‘कोटिंगने इंजिन थंड झाले’ असे समजून चालक सुई आणखी आवळेल, मिश्रण लीन करेल आणि प्रत्यक्षात तापलेले इंजिन वंगणाविना धावेल. म्हणून लेपानंतरचे आकडे जुन्या आकड्यांशी जुळवू नयेत. ग्लो प्लगजवळ एकाच जागी, एकाच अंतरावरून मोजावे. धुराची रेघ दिसते का, हे पाहावे. हेडवर पाण्याचा थेंब टाकण्याची जुनी पद्धतही उपयोगी : थेंब तीन ते पाच सेकंदांत उडून जाणे ठीक, पडताक्षणी उडाला तर इंजिन जास्त तापले आहे.

कुठे लेप देऊ नये?

पिस्टन आणि स्लीव्ह यांना हात लावू नये. बहुतेक नायट्रो इंजिनांत अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह असते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते आणि गरम झाल्यावरच दोघांचे माप नेमके जुळते. तिथे काही मायक्रॉनचाही हिशेब असतो. २५ मायक्रॉनचा थर म्हणजे इंजिन जाम. शिवाय सुटलेला एखादा कपचा आतून सगळे ओरबाडून काढेल.

सिलिंडर हेडचे काम उष्णता टाकण्याचे. तिथे जाड लेपाने पात्यांमधल्या फटी बुजतात आणि हवा अडते.

पाइपला लेप द्यायचाच असेल तर?

जळके तेल पूर्ण निघेपर्यंत पाइप धुवावा, अन्यथा लेप धरत नाही. त्यानंतर सँडब्लास्टिंग करून पृष्ठभाग खरबरीत करतात. तेव्हा पाइपची दोन्ही तोंडे बंद असावीत. पाइपवरच्या छोट्या नळीतून धुराचा दाब इंधनाच्या टाकीत जातो आणि त्या दाबानेच इंधन इंजिनकडे ढकलले जाते. ही नळी रंगाने बुजली तर गाडी आपोआप लीन होईल. तिथे वाळूचा कण अडकला तर तो टाकीत पोहोचेल. मॅनिफोल्ड आणि पाइप जुळतात तो भाग कोराच ठेवावा, नाहीतर सांध्यातून गळती होते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. युरोपातील ‘एफ्रा’ संघटनेच्या स्पर्धांत पाइपवर मान्यता क्रमांक कोरलेला लागतो. तो लेपाखाली दडता कामा नये. लेप भाजण्यासाठी स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नये, कारण सॉल्व्हंट आणि जळक्या तेलाची वाफ त्यात बसते. आणि लेप झाल्यावर पहिली टाकी थोड्या जास्त इंधनावर, ‘रिच’ मिश्रणावर चालवावी. पाइपचे तापमान कोणत्या दिशेने सरकले आहे, हे इंजिनच्या आवाजावरून आणि धुरावरून ओळखून मगच सुईला हात लावावा.