हवेची उलटी खाण : लेखांक ५ – माजरीची पऱ्हाटी

वर्धा-बल्लारशाह लोहमार्गावरून वणी-आदिलाबादकडे जाणारा फाटा जेथे फुटतो, त्या माजरी जंक्शनचे सारे अस्तित्व भूगर्भातील कोळशाशी निगडित आहे. हा कोळसा म्हणजे सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांनी हवेतून शोषून घेतलेला कार्बन. आणि १८७० च्या दशकात इंग्रजांनी शेजारच्या वरोऱ्यास खाण उघडल्यापासून आपण तो अव्याहत हवेला परत करीत आहो. एक टन कार्बन जळाला की सुमारे ३.६७ टन कर्बवायू आकाशात जातो. तो पुन्हा खाली आणण्याबद्दल कोणी रोख पैसे देऊ लागला, तर त्यात माजरीच्या वाट्यास काय येईल, एवढाच आजच्या लेखांकाचा विषय.

खाणीभोवती दगडमातीचे जे डोंगर उभे आहेत, ज्यांना खाणीवरचे लोक ‘ओबी’ म्हणतात, त्यांवरील वृक्षलागवड पाहून पुष्कळांची दृष्टी प्रथम तिकडे वळते. परंतु खाणीच्या मंजुरीतच जी लागवड बंधनकारक ठरली आहे, तिचा दाखला पुन्हा बाजारात विकणे म्हणजे देणे फेडून वर बक्षीस मागणे होय. कार्बनबाजाराचे नियमही अशी जमा सहसा मान्य करीत नाहीत.

खरा वाव भद्रावती, वरोरा आणि नदीपलीकडील वणी या तालुक्यांच्या कपाशीत आहे. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून थोडी सरपणाला ठेवायची आणि उरलेली धुऱ्यावर पेटवून द्यायची, ही येथील जुनी वहिवाट. त्या आगीत झाडाने वर्षभरात साठविलेला कार्बन तासाभरात हवेत परततो. तीच पऱ्हाटी अत्यल्प हवेच्या भट्टीत भाजली तर तिचा कोळसा होतो, आणि तो जमिनीत मिसळला असता त्यातील बराचसा कार्बन शतकानुशतके टिकतो. साधारणतः तीन-चार टन वाळल्या काडीपासून एक टन कोळसा आणि त्यातून दोन-अडीच टन कर्बवायूची जमा, असा हा हिशेब आहे. त्यास गिऱ्हाईक नाही असे नव्हे : जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत अशा कोळशाद्वारे एक लाख टन कर्बवायूची जमा घेण्याचा करार केला.

अडचण वाहतुकीची आहे. पऱ्हाटी वजनाला हलकी, आकाराने अवाढव्य. ती ट्रॅक्टरने दूरच्या कारखान्यात न्यायची म्हटली तर डिझेलच सारा नफा खाऊन जाईल, म्हणून भट्टीच शिवारात गेली पाहिजे. शिवाय या कोळशाने पीक दुप्पट होईल असे सांगत फिरणाऱ्यांपासून शेतकऱ्याने सावध राहावे, कारण तो बहुधा अल्कधर्मी असतो आणि आपली काळी जमीन मुळातच तशी आहे. त्याचा गुण आलाच तर गडचिरोलीकडील किंचित आम्लधर्मी भातजमिनींत अधिक दिसावा.

गडचिरोलीचे नाव निघाले की जंगलाचा प्रश्न येतोच. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेस २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवरील सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक तिच्या हाती पडावयास एप्रिल २०११ उजाडला आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणून बांबू, मध, लाख, तेंदू यांची नावे आहेत, कार्बनचे नाही. तेव्हा उभ्या जंगलाच्या कार्बनची खरेदी करण्यास कोणी आलाच, तर करारनाम्यावर सही ग्रामसभेची की वनखात्याची, हा वाद परवान्याच्या वादाहून सोपा नसेल. त्यातच मोहफुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळण्याचा प्रघात आहे, आणि त्या आगीचा वणवा झाला तर विकलेला कार्बन एका दुपारीत हवेत जाऊन गाव कागदोपत्री देणेकरी ठरेल. जमिनीत पुरलेल्या कोळशास हे भय नाही, आणि बाजारात त्याला झाडांच्या दाखल्याहून कितीतरी चढा भाव मिळतो तो याचमुळे.