बेस्टचा तोटा कोणाच्या वहीत?

९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून पायधुणीकडे घोड्यांची पहिली ट्राम निघाली, तेव्हा तिकिटं छापलेलीसुद्धा नव्हती. भाडं तीन आणे. कंपनीच्या पागेत नऊशे घोडे. गर्दी वाढू लागली तसं कंपनीने भाडं दोन आण्यांवर आणलं. स्वस्त भाडं धंद्याच्याही फायद्याचं असतं, हे निव्वळ नफ्यासाठी धंद्यात उतरलेल्या त्या कंपनीला लवकर उमगलं, याची गंमत वाटते. कारण पुढे दीडशे वर्षं मुंबईला तेच पुन्हापुन्हा शिकावं लागलं.

१९०७ मध्ये ट्राम विजेवर आली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, बेस्ट ही ट्राम-बस चालवणारी कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली. ट्राम १९६४ साली गेली.

बेस्टची खरी करामत मात्र तिच्या हिशेबात होती. एकाच छताखाली दोन धंदे: कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीजपुरवठा आणि सगळ्या मुंबईत बस. विजेतून उरलेला पैसा बसच्या तोट्यात जाई. म्हणजे मलबार हिलवरच्या बंगल्यातल्या एसीने मानखुर्दच्या बसला थोडंफार डिझेल पुरवलं. यात अन्याय नव्हता असं नाही. लालबागच्या चाळीतला ग्राहकही बोरिवलीच्या प्रवाशासाठी पैसे मोजत होता, आणि त्याने का मोजावेत, हा प्रश्न रास्तच होता. २००३ च्या वीज कायद्यानंतर नियामक आयोगाच्या देखरेखीखाली ही वाट हळूहळू बंद झाली. चूक तिथे नाही. जुना टेकू काढला, पण नवा कोणी द्यायचा, हे कोणी ठरवलंच नाही.

मग तोटा भरायला महापालिकेच्या दारात जाणं आलं. पैसे मिळत, पण दरवेळी उपकार केल्यासारखे. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा संप नऊ दिवस चालला. त्याच वर्षी ९ जुलैला किमान भाडं पाच रुपयांवर आलं, एसी बसचं सहा. शेअर रिक्षात कोंबून जाणारी माणसं परत बसच्या रांगेत दिसू लागली. रांगा वाढल्या, गाड्या मात्र वाढल्या नाहीत. कधीकाळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली होता.

त्यातल्याही बहुतेक गाड्या भाड्याच्या. गाडी, चालक, देखभाल कंत्राटदाराची; बेस्ट किलोमीटरमागे पैसे देते आणि तिकिटाचं उत्पन्न स्वतःकडे ठेवते. नवी गाडी विकत घेण्याचा खर्च यात टळतो, हे खरं. पण कंत्राटदाराला परवडेनासं झालं की तो गाड्या काढून घेतो, आणि त्या मार्गावरचा प्रवासी थांब्यावर उभाच राहतो. कंत्राटी चालकाच्या हातातला पगार कायम कामगाराच्या पगाराच्या जवळपासही नसतो; ऑगस्ट २०२३ च्या संपात तेच गाऱ्हाणं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि माणसं मेली, तेव्हा चालकांच्या प्रशिक्षणाची चर्चा झाली. ती फार दिवस टिकली नाही.

९ मे २०२५ पासून किमान भाडं दुप्पट झालं: पाचाचे दहा, सहाचे बारा. ट्रामच्या वाढदिवशीच, हा योगायोग.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या, दुमजलीसुद्धा. धूर कमी झाला, हे चांगलंच. पण नोकरीच्या ठिकाणी रोज वेळेत पोहोचायचंय त्या बाईच्या दृष्टीने बस डिझेलची की विजेची, यापेक्षा ती दहा मिनिटांत येते की चाळीस, हे मोठं. महापालिकेच्याच सुमारे चौदा हजार कोटींच्या किनारी रस्त्याला कोणी ‘तोट्यातला’ म्हणत नाही, कारण तो तिकीट विकत नाही. त्यावरून मुख्यतः मोटारी धावतात, टोलही नाही. त्याच महापालिकेच्या बसने मात्र दर अर्थसंकल्पात स्वतःच्या खर्चाचा जाब द्यायचा. मला हा हिशेबच उलटा वाटतो.

आता भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. जुन्या शहरात, माहीम-शीवच्या दक्षिणेला, रिक्षांना परवानगी नाही. स्टेशनातून वर आल्यावर उरलेल्या वाटेला टॅक्सी, पायपीट किंवा बस. टॅक्सीचं किमान भाडं तीस रुपयांच्या वर आहे.