वक्र दरवाजावर पाण्याचा रेटा

पावसाळ्यात ‘कोयनेचे सहा वक्री दरवाजे उचलले’ अशी बातमी आली की आपले लक्ष क्युसेकच्या आकड्यांकडे जाते. तो दरवाजा वक्र का केला, हा प्रश्न मात्र मागे राहतो. त्याचे उत्तर तीनशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडले.

१५८६ साली सायमन स्टेविनने पाण्याच्या वजनावर पुस्तक लिहिले. स्थिर पाण्याचा एक तुकडा मनात गोठलेला मानायचा, ही त्याची युक्ती. तुकडा हलत नाही, म्हणजे त्याचे वजन आणि भोवतालचे रेटे एकमेकांना तोलून आहेत. सपाट भिंतीवरचा भार त्याने काढून दाखवला. अठराव्या शतकात ऑयलरने दाबाची कल्पना द्रवाच्या प्रत्येक बिंदूपर्यंत नेली. पण वक्र पृष्ठावर दाबाची दिशा इंचाइंचाला बदलते. बेरीज करता करता दमछाक होते. इथे स्टेविनचा गोठलेला तुकडा पुन्हा कामी येतो. आडवा रेटा पृष्ठाच्या उभ्या प्रक्षेपावर असतो तेवढाच. उभा रेटा म्हणजे पृष्ठावरच्या पाण्याचे वजन. पाणी खालच्या अंगाला असेल तर तेवढेच काल्पनिक पाणी धरायचे आणि रेट्याची दिशा वर करायची.

चार मीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाकार पत्रा घ्या, केंद्र पाण्याच्या पातळीवर. दर मीटर रुंदीला आडवा रेटा ८ टन, उभा १२.५७ टन, एकत्रित सुमारे १४.९ टन. आता केंद्राभोवती दोन्ही रेट्यांची घूर्णे काढा: दोन्ही २१.३३ टन-मीटर, विरुद्ध दिशांची. बाकी शून्य! मला हा या विषयातला सर्वांत देखणा निकाल वाटतो. वर्तुळाकार पृष्ठावर दाब सगळीकडे त्रिज्येच्या रेषेत असतो, म्हणून एकूण रेटा केंद्रातूनच जातो.

विस्कॉन्सिनमधल्या जेरेमाया टेंटरच्या नावे १८८६ साली जे पेटंट झाले, त्या दरवाजाचे मर्म हेच. दरवाजा फिरतो ती पिन वर्तुळाच्या केंद्रात बसवली, की पाण्याचा रेटा उचलण्याला विरोध करीत नाही. यंत्राला उरते दरवाजाचे वजन आणि घर्षण. म्हणूनच इतके अजस्र दरवाजे तुलनेने लहान यंत्रांनी उचलता येतात.

त्यातले घर्षण मात्र फोल्समच्या आराखड्यात राहून गेले होते. कॅलिफोर्नियातल्या या धरणाचा तिसरा दरवाजा १७ जुलै १९९५ रोजी उचलत असताना तुटला. पिनेला गंज चढून घर्षण वाढले होते, त्याने दरवाजाला पिनेशी जोडणारे बाहू वाकू पाहत होते, आणि अखेर एक तिरपा आधार निखळला. सुमारे ४०,००० क्युसेक पाणी सुटले. रेटा केंद्रातून जातो, हे गणित अचूकच होते. पण एवढा रेटा झेलणारी पिन फिरताना अडते, हे त्यात नव्हते.

अभियांत्रिकीच्या वर्गात वक्र पृष्ठाचे उदाहरण शिकवताना केंद्रावर बोट ठेवून थांबू नये. पिनेवरचे घर्षणही त्याच आकृतीत काढून दाखवावे.