काळी दोनचा सा

आषाढ लागला की वऱ्हाडातल्या बँडपार्ट्यांची दुकानं शांत होतात. लगनसराई आटोपलेली असते, जरीच्या पट्ट्यांचे गणवेश धुऊन गाठोड्यात गेलेले असतात आणि वाजवणारी निम्मी माणसं पेरणीच्या कामाला लागलेली असतात. नवा पोट्टा शिकायला घ्यायचा तो याच दिवसांत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेपलीकडच्या एका दुकानात मी ही तालीम पाहिली आणि अमरावतीतही तिच्यासारखीच दुसरी पाहिली. ज्याला सॅक्सोफोन शिकायचा आहे अशा वऱ्हाडातल्या मुलाने कशाची तयारी ठेवावी, हे तिथे बसल्यावर कळतं.

अमेरिकेत हेच शिक्षण विद्यापीठात मिळतं. टेक्सासमधल्या डेंटन गावच्या विद्यापीठाने १९४७ साली जॅझ वादनाची पदवी सुरू केली. तेव्हा तिला ‘डान्स बँड’चा अभ्यासक्रम म्हणत. आज अशा विभागात पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याची आधी वादनपरीक्षा होते, कुवतीप्रमाणे त्याला एखाद्या वाद्यवृंदात बसवतात, बारा स्वरांपासूनच्या बारा सप्तकांची घोटाई करून घेतात, आणि चार्ली पार्कर किंवा जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकांचं ध्वनिमुद्रण नुसतं ऐकून जसंच्या तसं वाजवायला लावतात. माझं म्हणणं असं आहे की यातला अर्धा अभ्यासक्रम आपल्या बँडच्या दुकानात अनेक वर्षं चालत आला आहे. त्याला कुणी अभ्यासक्रम म्हटलं नाही, एवढंच.

नव्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी पूर्ण वाद्य येतच नाही. मिळतं फक्त तोंडाकडचं टोक, म्हणजे माउथपीस, आणि त्याला स्क्रूच्या पट्टीने आवळलेली रीड. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी तो बासरी-क्लॅरिनेटच्या घराण्यातला मानतात, कारण त्याचा आवाज या रीडच्या थरथरण्यातून निघतो. ही रीड बोरूसारख्या उंच गवताच्या कांडाची असते. फ्रान्सच्या दक्षिणेकडचं गवत त्यासाठी नावाजलेलं आहे. ती आधी तोंडात ओली करायची. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा, वरचे दात माउथपीसवर टेकवायचे आणि ओठांच्या कडांनी हवा कोंडून घ्यायची. पहिल्या फुंकेला चिरका आवाज येतो किंवा काहीच येत नाही. मास्तर ओरडत नाहीत. “गाल नको फुगवू. पोटातून सोड. घाई कायची आहे तुले?”

मग एकच सूर. सकाळभर एकच. वाद्य गळ्यातल्या पट्ट्याला अडकवून, आल्टो असेल तर अडीच किलोच्या आसपासचं ते वजन मानेवर घेऊन, मुलगा एक सूर धरतो आणि श्वास संपेपर्यंत हलू देत नाही. सूर हळू सुरू करायचा, मोठा करायचा, पुन्हा हळू आणायचा. परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यालाही रोजच्या रियाजाची सुरुवात अशीच करायला सांगतात आणि आपल्याकडे गाणारे पहाटे खर्ज भरतात तोही याच कारणासाठी. मला या तासाचं मोल सर्वांत जास्त वाटतं. कंटाळा इथेच येतो आणि बरीच मुलं इथूनच परत जातात. जो टिकतो त्याचा सूर पुढे भर चौकात, ताशाच्या कल्लोळातही वेगळा ऐकू येतो.

बोटं त्यामानाने लवकर बसतात. क्लॅरिनेटवर वरच्या पट्टीत गेलं की तीच बोटं वेगळा स्वर देतात; सॅक्सोफोनवर डाव्या अंगठ्याची किल्ली दाबली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. बेल्जियमचा अ‍ॅडॉल्फ सॅक्स याने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं, तेव्हा एकाच आकाराचं वाद्य न करता आल्टो, टेनर अशा लहानमोठ्या वाद्यांचं कुटुंबच मांडलं होतं. बोटं सगळ्यांवर सारखीच, स्वर मात्र वेगळे.

नवा मुलगा अडतो तो इथे. आल्टोवरचा मूळचा सा हार्मोनियमच्या काळी दोनवर पडतो, टेनरचा काळी पाचवर. ट्रम्पेट आणि नेहमीचा क्लॅरिनेट हेही काळी पाचचे. त्यामुळे ट्रम्पेटवाल्याने आपल्या सहज सापडणाऱ्या सा वरून गाणं उचललं की आल्टोवाल्याला स्वतःच्या पंचमालाच सा मानून पुढे जावं लागतं. विद्यापीठात हे कागदावर शिकवतात, त्याचा तास असतो, गृहपाठ असतो. इथे मास्तर फक्त एवढंच सांगतात, “आंधी आयक, मंग वाजव.” मुलगा ऐकतो, चुकतो, शेजारच्याच्या बोटांकडे पाहतो, आणि काही आठवड्यांनी त्याचं बोट आपोआप पंचमावर जाऊ लागतं. सा कुठेही नेऊन ठेवा, गाणं तेच राहतं, ही समज त्याला मिळालेली असते. शास्त्र त्याला ठाऊक नाही, पण कान तयार झालेला असतो.

गाणी बसवायची तीही कानानेच. मोबाइलवर गाणं लावायचं, एक ओळ ऐकायची, थांबवायचं, वाजवायचं. ‘आराधना’ (१९६९) मधल्या ‘रूप तेरा मस्ताना’चा सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा; ते तुकडे आजही नव्या मुलाला बसवायला देतात, कारण स्वर कसा घसरवत न्यायचा हे त्यांत आहे. खालचा जबडा किंचित सैल करून स्वर वाकवायचा आणि पुन्हा जागेवर आणायचा. चार्ली पार्करचं वादन उतरवून घेणारा परदेशी विद्यार्थी याहून निराळं काही करत नाही.

त्यानंतरचं शिक्षण रस्त्यावर. तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू होतात. चालत वाजवताना पावलाचा धक्का दातांपर्यंत येतो. तो ओठांनी कसा पेलायचा, हे चालल्याशिवाय शिकता येत नाही. अकोल्यात पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात नळीतली हवा तापते आणि सूर चढतो. सोबतच्या कॅसिओचा सूर मात्र होता तिथेच असतो. मग माउथपीस बुचावरून थोडा बाहेर ओढायचा, म्हणजे सूर उतरतो. रीड कोरडी पडून वाकडी होते, ती दर गाण्याआड ओली करावी लागते. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या दर्शनाला निघाला की घरची मंडळी थांबा म्हणेपर्यंत थांबता येत नाही. वरातीत सूर सांभाळणारा मुलगा कोणत्याही सभागृहात घाबरणार नाही, असं मला खात्रीने वाटतं.

उरलेला अर्धा अभ्यासक्रम मात्र इथे नाही आणि ते झाकून चालणार नाही. स्वरलेखन वाचता येत नाही. मेळस्वरांची, म्हणजे कॉर्डची, ओळख नाही. आयत्या वेळी स्वतःचं काही रचून वाजवणं, जो जॅझचा प्राणच, त्याला लग्नात जागा मिळत नाही, कारण लोकांना ओळखीचं गाणंच हवं असतं. गोव्याच्या मुलांना चर्चच्या शाळांमध्ये स्वरलेखन वाचायला शिकवत. त्या शिदोरीवर गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत पोहोचले. ताजमहाल हॉटेलात १९३९ पासून पुढची दोन दशकं मिकी कोरिया यांचा जॅझ बँड वाजत होता. वऱ्हाडातल्या वादकाला ती शाळा भेटली नाही, आणि आता डीजेच्या भिंतींपुढे त्याच्या सुपाऱ्याही आटत चालल्या आहेत.

बँडमधून मोठ्या मंचाकडे वाट जाते, याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मंगळुरूकडचे कद्री गोपालनाथ नागस्वर वाजवणाऱ्या वडिलांचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि मग कर्नाटक संगीत त्यावर आणण्यासाठी आयुष्य घातलं. १९९४ मध्ये त्यांनी लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये वादन केलं. अमेरिकेतले जॅझ वादक रुद्रेश महंतप्पा यांनी पुढे त्यांच्यासोबत ‘किन्समेन’ हा अल्बम केला, तो २००८ साली आला.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ ची. अकोला आणि अमरावती दोन्ही त्याच्याच कक्षेत येतात. पदवी नसलेल्या पण आपल्या कामात किमान पंधरा वर्षं मुरलेल्या माणसाला ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच दिली आहे आणि तीत ललित कलांचाही समावेश आहे. वऱ्हाडातल्या संगीत विभागांनी आणि महाविद्यालयांनी बँडच्या मास्तरांना या वाटेने वर्गात आणावं. त्यांच्या मुलांना स्वरलेखन आणि मेळस्वर शिकवावेत, आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडून फुंक आणि कान शिकू द्यावा. पुढच्या आषाढात, दुकानं शांत असतील तेव्हा, मास्तरांना वेळ असेल.