पुस्तिका मिटा, ठोकळे ओता!

बोन्सायच्या फांद्यांवर गुलाबी फुलांचा बहर आलेला दिसतो. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, ही फुलं नाहीतच. हे तर प्लास्टिकचे इवलेसे गुलाबी बेडूक! लेगो कंपनीने २०२१ मध्ये काढलेल्या बोन्साय संचातली ही गंमत. मुलं ती पाहून खिदळतात आणि मोठी माणसं पुन्हा एकदा वाकून बघतात.

एका वस्तूत दुसरीच वस्तू पाहणारी ही नजर ठोकळेवेड्या चाहत्यांकडे भरपूर असते. शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत जगभरातले लोक सूचना-पुस्तिका बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्यातली मॉडेल्स रचतात. कुणी आपलं जुनं घर उभं करतं, कुणी रेल्वे स्टेशन, तर कुणी आकाशातली वेधशाळा. अशा मॉडेलला ही मंडळी ‘मॉक’ म्हणतात, म्हणजे ‘माय ओन क्रिएशन’, माझी स्वतःची निर्मिती.

आपल्याकडे मात्र बऱ्याच घरांत वेगळं चित्र दिसतं. वाढदिवसाला महागडा संच येतो. दोन दिवस खपून मॉडेल तयार होतं, शोकेसमध्ये जातं आणि मग एकच वाक्य ऐकू येतं, “हात लावू नकोस, मोडेल!” पण मोडता येणं हाच तर या खेळण्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

सहा ठोकळे आणि ९१ कोटी रचना

डेन्मार्कमधल्या बिलुंड या छोट्या गावात ओले किर्क ख्रिस्तियानसेन नावाचे सुतार होते. १९३२ मध्ये त्यांनी लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. दोन वर्षांनी त्यांनी आपल्या कंपनीला ‘लेगो’ हे नाव दिलं. ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून ते बनलं आहे. वर गोल बटणं आणि आत पोकळ नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. त्या काळातला ठोकळा आजही नव्या ठोकळ्यात बसतो. आजोबांच्या डब्यातला तुकडा नातवाच्या मॉडेलमध्ये कामाला येतो, असं खेळणं विरळाच.

या साध्या तुकड्यात किती शक्यता दडल्या आहेत? आठ बटणांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. आणि सहा घेतले तर? कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने हिशेब केला. उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५! मुठीत मावतील एवढ्या सहा तुकड्यांची ही कथा. संचाच्या पुस्तिकेत त्यातला एकच मार्ग दाखवलेला असतो.

आडवा ठोकळा, उभं डोकं

चाहत्यांची मॉडेल्स पाहून प्रश्न पडतो की चौकोनी तुकड्यांतून गोल घुमट, वळणदार गाडी किंवा माणसाचा चेहरा कसा काय घडतो? त्याचं बरंचसं उत्तर मोजमापात आहे.

दोन शेजारच्या बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं. पातळ चकतीसारख्या तुकड्याची, म्हणजे ‘प्लेट’ची उंची ३.२ मिलिमीटर. तीन प्लेट्स एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याएवढी ९.६ मिलिमीटर उंची होते. आता गंमत पाहा. पाच प्लेट्सची उंची होते १६ मिलिमीटर, आणि दोन बटणांची रुंदीही १६ मिलिमीटरच! म्हणून ठोकळे आडवे लावले तरी ते उभ्या रचनेत चपखल बसतात. बटणं वर न ठेवता बाजूला वळवण्याचं हे तंत्र जमलं की भिंती गुळगुळीत होतात आणि कोपरे वळणदार दिसू लागतात. पाचवीतल्या मुलाला दशांश अपूर्णांक शिकवायला याहून मजेदार साधन सापडणं कठीण.

मॉडेल किती मोठं करायचं, हेही आधी ठरवावं लागतं. अनेक चाहते लेगोच्या चार सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्याला प्रमाण मानतात. दार त्याच्या उंचीचं हवं, पायऱ्या त्याला चढता येतील अशा हव्यात. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच झाला की आपल्यालाही खटकतंच की!

चाहत्याचं मॉडेल दुकानात

चाहत्यांच्या कल्पना इतक्या भन्नाट असतील तर कंपनीने त्या का वापरू नयेत? या विचारातून २००८ मध्ये जपानमध्ये एक प्रयोग सुरू झाला. पुढे २०१४ मध्ये त्याला ‘लेगो आयडियाज’ हे नाव मिळालं. चाहत्याने आपलं मॉडेल मांडायचं. त्याला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी ते तपासते. निवड झाली तर त्याचा खरा संच निघतो आणि निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम मूळ निर्मात्याला मिळते.

या वाटेने आलेल्या संचांत चंद्रावर माणूस नेणारं ‘सॅटर्न ५’ रॉकेट आहे. २०१७ मध्ये आलेलं हे मॉडेल सुमारे एक मीटर उंच असून त्यात बरोबर १,९६९ तुकडे आहेत. माणूस चंद्रावर उतरला ते वर्षही १९६९!

पण या प्रवासातली सगळ्यात बोलकी गोष्ट डॉ. एलेन कोइमन यांची. स्टॉकहोममध्ये काम करणाऱ्या या भू-रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं की लेगोच्या जगात बायका कमी आहेत, आणि शास्त्रज्ञ बायका तर त्याहून कमी. तक्रार करत न बसता त्यांनी स्वतःच मॉडेल रचलं. त्यात जीवाश्मांचा अभ्यास करणारी, आकाश न्याहाळणारी आणि प्रयोगशाळेत रसायनं हाताळणारी अशा तीन शास्त्रज्ञ होत्या. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘रिसर्च इन्स्टिट्यूट’ नावाने हा संच बाजारात आला आणि बघता बघता संपला. खेळण्यात काय आहे आणि काय नाही, हे मुली फार बारकाईने बघत असतात.

खेळण्यातून मिळालेला हात

अँडोरा हा फ्रान्स आणि स्पेनच्या मधला चिमुकला देश. तिथला डेव्हिड अगिलार उजव्या कोपराखालच्या हाताशिवाय जन्माला आला. नऊ वर्षांचा असताना त्याने लेगोचा हात बनवून पाहिला, पण तो फारसा टिकाऊ नव्हता. डेव्हिडने नाद सोडला नाही. २०१७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने लेगोच्या हेलिकॉप्टर संचाचे तुकडे वापरून असा हात बनवला की त्यावर भार देऊन जोर मारता येत होते. पुढे त्याने बायोइंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आणि दुसऱ्या एका लहान मुलासाठीही हात तयार केला.

दुसरी गोष्ट भारतीय वंशाच्या शुभम बॅनर्जीची. कॅलिफोर्नियात सातवीत शिकणाऱ्या या मुलाला प्रश्न पडला की अंध माणसं वाचतात कशी? शोध घेताना त्याला कळलं की ब्रेल छापणारा प्रिंटर दोन हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग असतो. २०१४ मध्ये त्याने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी लेगोच्या सुमारे ३५० डॉलरच्या रोबोट संचातून ब्रेल प्रिंटर तयार केला. त्याचं नाव ‘ब्रेगो’, म्हणजे ब्रेल अधिक लेगो.

हेलिकॉप्टर हेलिकॉप्टरच राहिलं असतं, रोबोट रोबोटच राहिला असता, तर यातलं काहीच घडलं नसतं.

घरी सुरुवात कशी कराल?

• आहे त्यातूनच करा. नवा संच लगेच घेऊ नका. घरातले सुटे तुकडे एका परातीत ओता. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे इतर कंपन्यांचे त्याच मापाचे ठोकळेही मिळतात. घेण्याआधी ते घट्ट बसतात का, एवढं तपासा.

• मर्यादा घाला. ‘फक्त वीस तुकड्यांत आपल्या गल्लीतली एक वस्तू बनव,’ असं मुलांना सांगा. इस्त्रीवाल्याची गाडी, पाण्याची टाकी, रिक्षा, काहीही चालेल. तुकडे कमी असले की डोकं जास्त चालतं.

• ठोकळे नसले तरी चालेल. संगणकावर ठोकळे जोडता येतील अशी मोफत सॉफ्टवेअर्स आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ तयार केलं. आज ‘स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअरही लोकप्रिय आहे.

• फोटो काढा, मग मोडा. चारही बाजूंनी फोटो घेतले की मॉडेल आठवणीत राहतं आणि तुकडे पुढच्या खेळाला मोकळे होतात.

• तीन वर्षांखालच्या मुलांना जपा. बारीक तुकडे त्यांच्या हाती लागू देऊ नका. त्यांच्यासाठी मोठे ठोकळे मिळतात.

आणि मुलाने काही बनवून आणलं तर ‘हे काय आहे?’ असं विचारण्याआधी ‘हे कसं चालतं, सांग ना,’ असं म्हणून बघा. तुम्हाला डबा दिसत असेल, त्याच्यासाठी ते कदाचित बंदर असेल. बेडकांची फुलं होऊ शकतात, तर डब्याचं बंदर का होणार नाही?