मुलींची गळती : भत्ता, वसतिगृह आणि बस

आपल्या वस्तीतील मुलगी शाळा का सोडते, या प्रश्नाला शिक्षणखात्याचे उत्तर ठरलेले असते : पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. हे उत्तर सोयीचे आहे. त्यात सारा दोष गरिबाच्या माथी मारता येतो. मी शिक्षिका आहे. मराठवाड्यातील खेड्यांतले हजेरीपट वर्षानुवर्षे पाहत आले आहे, आणि हजेरीपट काही वेगळेच सांगतो. मुली रोज थोड्याथोड्या गळत नाहीत. त्या प्रामुख्याने दोन ठिकाणी गळतात : दिवाळीच्या सुमारास आणि सातवीनंतर. शासनाची कोणतीही योजना या दोन ठिकाणी उभी राहते की नाही, एवढ्यावरच तिचे मोल ठरवले पाहिजे.

1992 साली महाराष्ट्र शासनाने उपस्थिती भत्ता सुरू केला. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांच्या, पहिली ते चौथीतील मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया. वर्षाचे जास्तीत जास्त 220 रुपये. मुलगी शाळेत गेली की घरातले कामाचे दोन हात कमी होतात, त्याची काही भरपाई व्हावी, हा त्यामागचा विचार योग्यच होता. पण तीस वर्षे उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या रुपयाला धाक होता. या रुपयाला ना धाक, ना आधार!

तरीही रकमेपेक्षा मला तिच्याबरोबरची अट अधिक गंभीर वाटते. भत्त्यासाठी 75 टक्के हजेरी लागते. आता ही अट ऊसतोडीच्या घरात नेऊन पाहा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. थोरली मुलगी बरोबर जाते, कारण कोपीवर धाकटी भावंडे सांभाळायला कोणीतरी हवे. अर्धे शैक्षणिक वर्ष फडावर गेले की 75 टक्के कुठून भरणार? म्हणजे जिला भत्त्याची सर्वांत अधिक गरज, तीच नियमाने बाद होते. शिवाय नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, असा या धंद्याचा हिशेब आहे. एकट्या मुलीची उचल मिळत नाही, लग्न झाले की मिळते. बालविवाहाला केवळ ‘रूढी’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा समजून घ्यावा.

येथे उपयोगी पडते ते हंगामी वसतिगृह. आईबाप तोडीला गेले तरी मूल गावात राहते, जेवते, शाळेत जाते. शिक्षण आणि निवारा ही आपल्यासाठी वेगळी करता येत नाहीत, हे आपल्या शहराला नव्याने सांगायला नको. 1950 साली बाबासाहेबांनी येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले, आणि नागसेनवनातल्या वसतिगृहांच्या आधारावर खेड्यापाड्यातली पोरे शिकली. 2004 पासूनची कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये ही निवासी आहेत, तीही याच कारणाने. मात्र हंगामी वसतिगृह कुटुंबे निघण्यापूर्वी सुरू झाले तरच कामाचे. मुलगी एकदा ट्रॅक्टरमध्ये बसली की पुढचे सारे कागदावर राहते.

दुसरी गळती सातवीची. अनेक खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावाला असते. जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. 2009 चा कायदा चौदापर्यंत आला आणि थांबला. पुढच्या वयात वाटेवरची छेडछाड आणि आईबापांचा घोर, दोन्ही सुरू होतात. अनुसूचित जाती व भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी 1996 मध्ये सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आली, ती पाचवी ते सातवीला महिना 60 रुपये अशी. त्यात वह्या येतील, पण आठवीतल्या मुलीचा रस्ता काही सुरक्षित होत नाही.

रस्त्याचा विचार केला तो मानव विकास कार्यक्रमाने. त्याचे आयुक्तालय आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. 2011 नंतर 22 जिल्ह्यांतील 125 मागास तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी एस.टी.च्या निळ्या बस धावू लागल्या. बारावीपर्यंतच्या मुलींना भाडे नाही. जवळच्या गावांतल्या मुलींना सायकली मिळाल्या. बसमध्ये दहा-बारा मैत्रिणी एकत्र जातात. बापाच्या मनातली धास्ती भाषणाने जात नाही, या सोबतीने पुष्कळशी जाते.

बसचे महत्त्व ती बंद पडल्यावर कळले. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कामगारांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. कामगारांच्या मागण्या पोटाच्या होत्या, त्यांना मी दोष देणार नाही. पण कोरोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या, आणि दूरच्या मुलीला शाळेत पोहोचण्याचे साधनच उरले नाही. त्या काळात ज्यांची नावे हजेरीपटावरून गेली, त्यांतल्या किती परत आल्या, हे प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याने आपल्या हायस्कूलचा 2022 चा पट उघडून मोजावे. त्याबरोबर सकाळची बस शाळेच्या घंटेपूर्वी पोहोचते का आणि संध्याकाळची शाळा सुटल्यावर निघते का, हेही आगारात जाऊन विचारावे.